उहोल्का-शिरोकी लुह बीच जंगल

युक्रेनच्या पार पश्चिमेला, झाकारपट्टिया प्रांतातल्या कार्पेथियन डोंगरात हे जंगल आहे, साधारण १०,००० हेक्टर. युरोपियन बीच (फॅगस सिल्व्हॅटिका) या झाडाचं सगळ्यात मोठं मूळ जंगल म्हणून हेच मानलं जातं. बाकी युरोपात अशी बहुतेक जंगलं कोळसा, काच कारखाने आणि शेतीपायी कधीच साफ झाली. हे वाचलं कारण डोंगर आडवाटेचा, तिथून ओंडके खाली आणणं कोणाला परवडत नव्हतं.

इथे जवळजवळ बीचच दिसतो, कारण त्याची रोपं दाट सावलीत कितीतरी वर्षं तग धरतात, बाकीची झाडं त्या अंधारात मरून जातात. एखादं म्हातारं झाड कोसळलं की वर फट पडते, ऊन खाली येतं आणि दबून राहिलेली रोपं भराभर उंच होतात. फटी बहुतेक एकदोन झाडांएवढ्याच, म्हणून शेजारी शेजारी दोन वर्षांचं रोप आणि तीनशे वर्षांचं झाड असं चित्र असतं, लावलेल्या जंगलात हे कधीच बघायला मिळत नाही.

पण खरी गंमत मेलेल्या झाडात आहे. खोडावर घोड्याच्या खुरासारखी टणक बुरशी येते, ती लाकूड आतून मऊ करते, मग काळा सुतारपक्षी ढोली पाडतो आणि तो गेला की तिथे घुबडं, वटवाघळं राहायला येतात. रोझालिया आल्पिना नावाचा निळसर राखाडी, काळ्या ठिपक्यांचा भुंगा तर मेलेल्या लाकडावरच जगतो, त्याच्या अळ्या दोन-तीन वर्षं आतच लाकूड खात असतात. लाकूड उचललं तर तो संपलाच.

१९३० च्या दशकात चेक संशोधक अलोइस झ्लाटनिक यांनी या भागात अभ्यासाचे प्लॉट आखले. १९६८ मध्ये अभयारण्य झालं, २००७ मध्ये युनेस्कोने स्लोव्हाकिया आणि युक्रेनमधली मूळ बीच जंगलं जागतिक वारसा यादीत घेतली आणि २०२१ पर्यंत त्या एकाच नोंदीत १८ देशांतली ९४ ठिकाणं आली. जंगलाच्या गाभ्यात, म्हणजे मधल्या जपलेल्या भागात, तोड बंद, पडलेलं झाडसुद्धा उचलायचं नाही, आणि माझ्या मते इथलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

धोका जास्त कडेने आहे. बीचची साल पातळ, गुळगुळीत, त्यामुळे शेजारची झाडं तोडली की ऊन थेट खोडावर येतं, साल भाजून तडकते आणि आतलं निरोगी झाडही वाळायला लागतं, त्यात उन्हाळे कोरडे होत चाललेत. म्हणून भोवतालच्या बफर पट्ट्यात काय तोडायचं, किती तोडायचं, यावरच गाभ्याचं संरक्षण अवलंबून आहे.