गिटारच्या पोटात बॅटरी आली कुठून?

कोल्हापुरात पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या पोराला एक प्रश्न हमखास पडतो: ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली) घ्यायची की पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारी)? दुकानात ऐकायला मिळतं की ॲक्टिव्ह म्हणजे वरचं मॉडेल. क्लासमधला जुना विद्यार्थी छातीठोकपणे सांगतो की खरा टोन पॅसिव्हचाच. दोघांच्याही बोलण्यातून मूळ मुद्दा सुटतो, तो केबलचा. तारेचं कंपन पकडणारी कॉइल एका टोकाला, अँप म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर दुसऱ्या टोकाला, मध्ये काही मीटर वायर. सिग्नलला पहिलं बळ या वायरीच्या अलीकडे द्यायचं की पलीकडे, एवढ्यावर हे दोन पंथ पडले आहेत. ते कसे पडले याचा इतिहास १९३०च्या दशकापर्यंत मागे जातो आणि तो कळला की दुकानातला गोंधळ बराचसा निवळतो.

सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये १९३१-३२च्या सुमारास झाली. जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी नालेच्या आकाराची चुंबकं आणि त्यांच्याखाली तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवून ‘फ्राइंग पॅन’ हे वाद्य बनवलं. पेटंटसाठी अर्ज १९३४ मध्ये केला, पेटंट हातात पडायला १९३७ उजाडलं. ही मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडच्या मागच्या पिढीला हा आवाज अगदी ओळखीचा आहे. व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुना रेडिओवर लागायच्या, तो हाच आवाज. पुढे १९३६ मध्ये गिब्सनची ईएस-१५० आली, चार्ली ख्रिश्चननं तिच्यावर जॅझ वाजवलं आणि इलेक्ट्रिक गिटार बँडमध्ये पुढे येऊन एकल वाजू लागली.

या सगळ्या गिटारींच्या पोटात बॅटरी नव्हती. लोखंडी तार चुंबकावर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि त्या हलण्यानं कॉइलमध्ये वीज तयार होते. बाहेरून काहीच पुरवावं लागत नाही. पॅसिव्ह म्हणतात ते याला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करणाऱ्या कुणालाही पिकअपची, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलच्या जोडीची, कॉइल दाखवली तर तो ती लगेच ओळखेल, फक्त तारेची बारकाई पाहून भुवया उंचावेल. शेतीपंपाच्या मोटरीची तार बोटांना जाणवते. पिकअपची ४२ गेजची (अमेरिकन मापाची) तार जेमतेम ०.०६३ मिलिमीटर जाडीची, माणसाच्या केसाइतकी. जरा जास्त ताणली की तुटते. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपवर तिचे साधारण आठ हजार वेढे असतात. एवढे वेढे घालावेच लागतात, कारण सिग्नल मुळात फार दुबळा असतो. जितके वेढे जास्त तितका आवाज मोठा, पण कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे वीजप्रवाहातल्या बदलाला होणारा तिचा विरोध, त्याहून झपाट्यानं, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. अडचणीचं मूळ इथे आहे.

गिटारची केबल म्हणजे आत एक तार आणि तिच्याभोवती जाळीचं आवरण. या जोडीचा आपोआप एक कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) तयार होतो, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडचा. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठराविक कंपनसंख्येला आवाज उठून येतो आणि तिच्या वरचा भाग झपाट्यानं कापला जातो. अडीच हेन्रीचा पिकअप धरला तर तीन मीटर केबलला ही सीमा ५,००० हर्ट्झच्या आसपास येते. तीच गिटार, तेच अँप ठेवून केबल दहा मीटरची करा, सीमा ३,००० हर्ट्झपर्यंत खाली उतरते. वाजवणारा म्हणतो, ‘आज आवाज बसलाय.’ मग तो तारा बदलतो, अँपचा ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) वाढवतो, आणि केबलकडे कुणी बघतही नाही.

सुरुवातीच्या काळात याचा फारसा त्रास झाला नाही. हॉल लहान होते आणि अँप वाजवणाऱ्याच्या पायाशी असायचा. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस (खालचे स्वर वाजवणारी बेस गिटार) १९५१ मध्ये आला, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलट-सुलट जोडून मेन्सची घरघर मारणारा हंबकर तयार केला, तो १९५७ पासून गिटारींवर दिसू लागला. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये जो गोलाई असलेला आवाज ऐकू येतो, त्यात केबलनं खाल्लेल्या ट्रेबलचाही वाटा आहे. लोकांच्या कानांना तोच आवाज गिटारचा आवाज म्हणून पटला. पॅसिव्हच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम आधार मला हाच वाटतो, कारण तो ऐकूनच पटतो. ‘लाकूड बोलतं’ वगैरे युक्तिवादांची त्याला गरज नाही.

गिटारमध्येच छोटा ॲम्प्लिफायर बसवावा ही कल्पना कुणाला सुचली असती तरी तेव्हा ती करता आली नसती. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात आणि तो तापतो, गिटारच्या पोकळीत तो कुठे बसवणार? बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. ट्रान्झिस्टर रेडिओसाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी १९५६ मध्ये बाजारात आली. या दोन गोष्टी हाताशी आल्यावर वाट मोकळी झाली.

पहिली ठोस पावलं पडली ती स्टुडिओ आणि मोठ्या मैदानांवरच्या कार्यक्रमांच्या गरजेतून. गिटारवादक लेस पॉल स्वतः रेकॉर्डिंगमधला माणूस. गिटार थेट मिक्सरला जोडता यावी म्हणून कमी वेढ्यांचे, कमी इम्पीडन्सचे (सिग्नलला विद्युत अडथळा कमी असलेले) पिकअप लावायचा आग्रह त्यानं धरला, आणि गिब्सननं १९६९ मध्ये तशी दोन मॉडेल काढली. त्यांत बॅटरी नव्हती, नेहमीच्या अँपला जोडायला ट्रान्सफॉर्मर असलेली केबल लागायची. वाजवणाऱ्यांना ते जिकिरीचं वाटलं आणि ती मॉडेल फारशी चालली नाहीत. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को भागात अलेंबिक ही मंडळी उभी राहिली. ग्रेटफुल डेडसारख्या बँडचे प्रचंड मोठे कार्यक्रम स्वच्छ ऐकू यावेत हा त्यांचा ध्यास होता. रॉन विकरशॅम यांनी कमी इम्पीडन्सचा पिकअप घेऊन त्याच्यामागे वाद्यातच प्रीअँप, म्हणजे सिग्नलला पहिलं बळ देणारा छोटा ॲम्प्लिफायर, बसवला. जॅक कासडी आणि फिल लेश यांच्या बेस गिटारींवर हे काम झालं. नंतर बेसवादक स्टॅनली क्लार्कच्या हातात अलेंबिकचा बेस आला आणि बेसमधून इतका उजळ, दाणेदार स्वर निघू शकतो हे जगाला कळलं.

आपल्या भागात हे समजावून सांगायला पंचगंगेचं उदाहरण पुरतं. पाणी लांबच्या रानात न्यायचं तर मोटर नदीकाठी बसवतात, पाइपाच्या शेवटी नाही. प्रीअँप गिटारमध्ये बसवण्यामागचं तत्त्व तेच आहे. सिग्नल केबलमध्ये शिरण्याआधीच दमदार केला की केबल पाच मीटरची असो वा पंधराची, ट्रेबल फारसा मरत नाही.

अलेंबिकची वाद्यं महाग, हातानं घडवलेली. सर्वसामान्य वादकापर्यंत ही गोष्ट पोचवली लिओ फेंडरनं. स्वतःची कंपनी त्यानं १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी कंपनीला विकली होती. नंतर म्युझिक मॅन कंपनीतून १९७६ मध्ये स्टिंगरे बेस आला. त्याचा पिकअप साधाच, पॅसिव्ह, पण मागे ९ व्होल्टवर चालणारा प्रीअँप. आधीच्या गिटारींचा टोन नॉब आवाजातला ट्रेबल फक्त कमी करू शकायचा, इथे तो वाढवताही येऊ लागला. दुकानात आज ‘ॲक्टिव्ह बेस’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक याच वंशातलं.

त्याच १९७६ साली कॅलिफोर्नियात रॉब टर्नर यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे ईएमजी उभी राहिली. त्यांनी प्रीअँप पिकअपच्या आतच बसवला आणि सगळं मिळून एका काळ्या ठोकळ्यात बंद केलं. स्टाइनबर्गरच्या बिनडोक्याच्या (वरचा खुंट्यांचा भाग नसलेल्या) बेसवर १९८०च्या सुमारास हे पिकअप लागले. मग मेटलवाल्यांनी ते उचलले, कारण डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) कमाल वाढवलं तरी खरखर कमी आणि खालचे स्वर आवळलेले राहतात. मेटॅलिकाचे जेम्स हेटफिल्ड आणि कर्क हॅमेट यांच्यामुळे ईएमजी ८१ घरोघरी माहीत झाला. यावरून ॲक्टिव्ह म्हणजे मेटल असा समज पसरला तो मात्र चुकीचा. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या लाल स्ट्रॅटोकास्टरवर ईएमजी होते आणि काळीवर पॅसिव्ह. फेंडरनं १९८८ मध्ये काढलेल्या एरिक क्लॅप्टनच्या मॉडेलमध्येही मिड (मधल्या पट्टीतला आवाज) उचलणारं बॅटरीचं सर्किट आहे, आणि क्लॅप्टनला मेटलवाला कोण म्हणेल?

ॲक्टिव्ह गिटारची मागची झाकणी उघडून एकदा बघावी. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रोध) ईएमजीसाठी २५ किलोओहमचा असतो, पॅसिव्हला २५० किंवा ५०० किलोओहमचा. जॅकला दोनऐवजी तीन पाय असतात. तिसऱ्या पायाला बॅटरीची काळी वायर जोडलेली असते आणि केबलची पिन आत गेली की तिच्या धातूनं हा पाय ग्राउंडला टेकतो, सर्किट चालू होतं. वेगळं बटण नाही. म्हणूनच रियाझ संपल्यावर केबल गिटारमध्ये तशीच खोचून ठेवली की बॅटरी रात्रभर जळत राहते. ईएमजी ८१ फक्त ८० मायक्रोअँपियर घेतो, बॅटरी ३,००० तासांपर्यंत जाते. इतर प्रीअँप याहून बरेच खादाड असू शकतात. शेवटी शेवटी आवाज आधी फाटतो, मग बंद पडतो, आणि हे बहुतेक वेळा कार्यक्रमातच कळतं.

कोल्हापूरच्या संदर्भात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बेंजो. मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजवते तो खरं तर बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या नागोयातलं, १९१२ मध्ये तयार झालेलं तैशोगोतो. त्याला चुंबकीय पिकअप लावला की तत्त्वानं ती इलेक्ट्रिक गिटारच होते, पॅसिव्ह. वाद्य एकीकडे, अँप गाड्यावर, मध्ये लांब केबल, शेजारी जनरेटर. ट्रेबल मरायला आणि घरघर शिरायला यापेक्षा अनुकूल परिस्थिती मिळणार नाही. अशा ठिकाणी वाद्यापाशीच छोटा बफर किंवा प्रीअँप ठेवला तर फरक पहिल्याच सुरात ऐकू येतो. गिटारच्या दुकानात ज्यावर चर्चा झडते ती सोय खरी उपयोगी इथे आहे, आणि इथेच तिच्याबद्दल कुणी बोलत नाही याची मला खंत वाटते.

मिरवणूक असो वा मांडव, अर्थिंगचा विषय टाळून चालणार नाही. पॅसिव्ह गिटारमध्ये तारा ब्रिजमार्फत ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात सतत अँपच्या ग्राउंडवर. अँपचं आणि माइकचं अर्थिंग वेगवेगळं किंवा गायब असेल तर ओठ माइकला लागताच झटका बसतो. ईएमजीसारख्या पिकअपना ब्रिजच्या त्या वायरीची गरज नसते, कंपनी ती काढायलाच सांगते. तरीही लाइनचं अर्थिंग तपासायचं काम त्यानं सुटत नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. जुन्या धाटणीचा फझ पेडल (आवाज खरखरीत करणारा पायाखालचा डबा) पॅसिव्ह कॉइलशी थेट बोलतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ निवळून स्वच्छ होतो. ॲक्टिव्ह पिकअपनंतर ही गंमत जवळपास जाते. ब्लूज वाजवणाऱ्याला हे हवं असतं, त्यानं पॅसिव्हच घ्यावी. तंत्र पुढे सरकतंच आहे. फिशमननं २०१४ मध्ये आणलेल्या फ्लुअन्समध्ये गुंडाळलेल्या तारेऐवजी एकावर एक छापलेल्या थरांची कॉइल आहे, आणि एकाच पिकअपमधून दोन वेगळे आवाज मिळतात.

दुकानात गिटार हातात घ्याल तेव्हा रोज जी केबल वापरणार तीच बरोबर न्या. मागची झाकणी उघडून दाखवायला सांगा, बॅटरी बदलायला स्क्रू काढावे लागतात की नुसतं झाकण उघडतं ते बघा. बेस असेल तर बॅटरी काढून वाजवून पाहा. काही मॉडेलमध्ये पॅसिव्हवर जायचा स्विच असतो, काही वाद्यं बॅटरीविना मुकी होतात.