‘किंवा’मुळे तगलेली वेष्टने : रासायनिक पुनर्प्रक्रियेची पार्श्वभूमी

प्लास्टिकचे रेणू तोडून पुन्हा कच्चा माल मिळवायचे रसायनशास्त्र जुनेच आहे. पॉलिएस्टर मिथेनॉलने फोडायची रीत फोटोफिल्मच्या उद्योगाला कित्येक दशके माहीत होती. जर्मनीने १९९१मध्ये वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, तेव्हा तिथे मोठे प्रयोग झाले आणि खर्च झेपेना म्हणून काही गुंडाळलेही गेले. जपानने तर पोलादाच्या झोतभट्टीत कोळशाऐवजी टाकलेले प्लास्टिकही ‘रासायनिक पुनर्प्रक्रिया’ याच रकान्यात धरले. रकान्यांचा हा खेळ पुढे आपल्याकडेही रंगला, म्हणून एवढी नोंद.

आपल्याकडे बोलबाला झाला तो तेलाचा. २०००च्या दशकात नागपूरच्या एका प्राध्यापिकेने टाकाऊ प्लास्टिकमधून इंधन काढून दाखवले, बुटीबोरीत प्रकल्पही उभा राहिला. पुढे पुण्यातल्या एका संस्थेने घरोघरचे प्लास्टिक गोळा करून जेजुरीत तेच काम चालवले. पिशव्यांचे प्लास्टिक हवा लागू न देता साधारण ४०० ते ५०० अंशांवर तापवले की त्याची वाफ होते. ती गार केली की डिझेलसारखे तेल मिळते, शिवाय थोडा वायू आणि तळाशी काजळी. त्यात पीव्हीसी, म्हणजे पाइपांचे क्लोरीन असलेले प्लास्टिक, मिसळलेले असेल तर क्लोरीनचे आम्ल होऊन यंत्र खाते. त्यामुळे भट्टीपेक्षा निवडणीच महाग पडते. पण हे तेल शेवटी जळणारच. त्यातून नवे प्लास्टिक होत नव्हते.

खरी अडचण बाटल्यांची नाहीच. पाण्याची बाटली भंगारवाला वजनावर घेतो. चिप्सचे पाकीट मात्र कोणी उचलत नाही. ते आतून चंदेरी दिसते, कारण प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. हे थर सुटे करणे परवडत नाही, आणि पाकीट इतके हलके की किलोभर भरायला वेचणाऱ्या बाईचे पोते फुगून जाते. रद्दीच्या दुकानात त्याला भाव शून्य.

केंद्राच्या २०१६च्या नियमांनी यावर सरळ घाव घातला होता : पुनर्प्रक्रिया न होणारे बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद. मुदत भरत आली आणि २७ मार्च २०१८ला दुरुस्ती निघाली. अवघ्या चार दिवसांपूर्वी महाराष्ट्राने आपली प्लास्टिकबंदी जाहीर केली होती, आणि तीतही कारखान्यातच चढणाऱ्या वेष्टनाला सूट होती. केंद्राच्या दुरुस्तीनंतर बंदी उरली ती अशा बहुथरी प्लास्टिकवर, ज्याची पुनर्प्रक्रिया होत नाही ‘किंवा’ ज्यातून ऊर्जा मिळत नाही ‘किंवा’ ज्याचा दुसरा काही उपयोग नाही. व्याकरणाने पाहिले तर हे वाक्य जास्त कडक आहे, तिन्हींपैकी एक उणीव असली तरी बंदी. व्यवहारात अर्थ लागला तो नेमका उलटा : तिन्हींपैकी एक गोष्ट जमली की सुटका. आणि सिमेंटच्या भट्टीत न जळणारे पाकीट आहे कुठे? उद्योगाचे म्हणणे होते, या पाकिटाला तोडीचा पर्याय नाही, ते नसेल तर माल सादळेल, नासेल. म्हणणे अगदीच खोटे नाही. पण तोडीचा पर्याय शोधायचा रेटा या दोन ‘किंवा’नी गेला, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी २०२२च्या उत्पादक-जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचनांनी काही प्रमाणात बांध घातला. बहुथरी वेष्टनांसाठी पुनर्प्रक्रियेचे बंधन २०२४-२५ला ३० टक्के, पुढे वाढत ६० टक्क्यांपर्यंत. प्लास्टिकपासून काढलेले तेल मात्र रस्तेबांधणी आणि सिमेंटभट्टीच्या पंगतीत, म्हणजे ‘अंतिम विल्हेवाटी’त बसवले, ज्याची पुनर्प्रक्रिया होऊच शकत नाही, फक्त त्याच्यासाठी. बुटीबोरी-जेजुरीच्या वाटेला यातून दुय्यम स्थान मिळाले.

आता उद्योगाची नजर दुसऱ्या वाटेवर आहे : तेल जाळायचे नाही, शुद्धीकरण कारखान्यात कच्च्या तेलासोबत घालायचे आणि पुन्हा पॉलिमर, म्हणजे नवे प्लास्टिक, काढायचे. जामनगरच्या एका खासगी कारखान्याने हे सुरू केल्याचे २०२४च्या सुरुवातीला जाहीर झाले. तिथे कचऱ्याचे तेल खनिज तेलात असे मिसळते, की कोणत्या दाण्यात किती जुने प्लास्टिक गेले हे तपासून सांगता येत नाही. ते ठरते हिशेबाच्या वहीत, कचऱ्याचे तेल किती घातले त्यावरून. २०२५-२६पासून बहुथरी वेष्टनात किमान ५ टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरण्याचे उद्दिष्ट लागू होते. ते गाठताना ही वही कितपत ग्राह्य धरायची, यावर आता ओढाताण आहे.