दहा मुलांमागे एक : शाळेतल्या मदतनिसाची मागची गोष्ट

बडोद्यात रावपुऱ्याकडच्या एका शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीच्या जरा आधी एक आई येऊन उभी राहते. मुलगा चौथीत आहे, पायांत कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या आहेत. त्याला बाथरूमला न्यायचं, डबा उघडून द्यायचा, पुन्हा बाकावर नीट बसवायचं आणि घरी परतायचं. शाळेने मुलाला दाखल करून घेतलं आहे, दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षकही आठवड्यातून एकदा येऊन जातात. पण या वीस मिनिटांसाठी शाळेकडे माणूस नाही. तो का नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

बडोद्याला शाळेच्या सक्तीचा इतिहास मोठा आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. मूल शाळेत आलंच पाहिजे, हा विचार इथे इतका जुना आहे. आलेल्या मुलाला वर्गात टिकायला कोण मदत करणार, हा प्रश्न मात्र सरकारी कागदावर यायला 1974 उजाडलं.

त्या वर्षी केंद्राच्या समाजकल्याण मंत्रालयाने अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. अशी मुलं खास शाळेत वेगळी न ठेवता नेहमीच्या शाळेत शिकावीत, हा तिचा हेतू. 1982 मध्ये ती शिक्षण खात्याकडे आली, 1992 मध्ये सुधारली. या सुधारित योजनेतले आकडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण पुढची सवय तिथेच लागली. मुलाला शाळेत आणणाऱ्या सोबत्यासाठी महिना 75 रुपये. अंध मुलाला पाचवीनंतर वाचून दाखवणाऱ्यासाठी महिना 50. वसतिगृहात मुलाला मदत करायला तयार होणाऱ्या कर्मचाऱ्याला महिना 50 जादा. आणि अस्थिव्यंग असलेली किमान 10 मुलं एका शाळेत असतील, तर तिथे एक अटेंडंट, म्हणजे मदतनीस.

एका साध्या शाळेत अशी दहा मुलं कुठून येणार? दोन येतात, फार तर तीन. म्हणजे योजनेत अटेंडंट होता, पण बहुतेक शाळांच्या वाट्याला तो येणारच नव्हता. हातात राहायचा तो भत्ता, आणि त्या पैशात काम करायला घरचंच माणूस मिळायचं, बहुधा आई.

याच काळात बडोद्यात एक वेगळा प्रयोग झाला, आणि त्याची आठवण आपल्या गावात फारशी कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. 1987 मध्ये एनसीईआरटी ही शालेय शिक्षणासाठीची केंद्राची संस्था आणि युनिसेफ यांनी एकात्मिक शिक्षणाचा एक प्रकल्प देशात दहा ठिकाणी घेतला. त्यांतली दोन ठिकाणं म्हणजे दिल्ली आणि बडोदा या महानगरपालिका. एकेक शाळा निवडण्याऐवजी अख्खा परिसर घ्यायचा आणि तिथल्या सगळ्या नेहमीच्या शाळांनी ही मुलं सामावून घ्यायची, अशी त्याची रीत होती. परिसरातल्या प्रत्येक शिक्षकाला आठवडाभराचं प्रशिक्षण, दहा टक्के शिक्षकांना सहा आठवड्यांचं, आणि आठ-दहा जणांना वर्षभराचं, तेही एकाच अपंगत्वापुरतं नव्हे तर अनेक प्रकारांचं. मूल एका खास बाईंच्या भरवशावर राहू नये, सगळ्या शाळेलाच ते आपलं वाटावं, ही त्यामागची समज मला आजच्या योजनांपेक्षाही पुढची वाटते. पण प्रशिक्षण मिळालं ते शिक्षकांना. उचलणं, भरवणं, कपडे बदलणं यासाठी वेगळं माणूस तेव्हाही उभं राहिलं नाही.

पुढे कायदे भराभर आले. 1995 चा अपंग व्यक्ती कायदा, मग सर्व शिक्षा अभियान आणि त्यात दर अपंग मुलामागे वर्षाला 1200 रुपये, 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि 2012 ची त्यातली दुरुस्ती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्याच्या 16 व्या कलमात मुलाला लागेल तसा, गरजेप्रमाणे व्यक्तिगत आधार द्यावा असं म्हटलं आहे. माझ्या मते सगळा पेच इथे आहे. हक्क एकेका मुलाच्या गरजेवर बेतलेला आहे आणि माणसं मात्र डोकी मोजून दिली जातात.

शिक्षकांपुरता हा हिशेब न्यायालयात सुटला. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि जून 2022 मध्ये केंद्राने ते शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत घातलं : पाचवीपर्यंत दर 10 दिव्यांग मुलांमागे एक, सहावी ते आठवी दर 15 मुलांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की ही पदं मंजूर करून जाहीर करा. जिथे मुलं थोडी, तिथे एकाच शिक्षकाने आसपासच्या शाळांत फिरायचं. त्या दुरुस्तीत मदतनिसाचं प्रमाण नाही. सर्व शिक्षा अभियानाच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा योजनेत दर दिव्यांग मुलामागे वर्षाला 3500 रुपये आहेत, त्यातच सोबत्याचा भत्ता आणि बाकीची सामग्री भागवायची.

आयर्लंडमध्ये ही दोन कामं वेगळी मानतात. तिथे मदतनीस शिकवत नाही. 2014 च्या परिपत्रकाने त्याचं काम मुलाची देखभाल हेच असल्याचं स्पष्ट केलं. कुठल्या शाळेला किती मदतनीस द्यायचे, हे ठरवायला विशेष शिक्षणासाठीची राष्ट्रीय परिषद आहे. भांडणं तिथेही होतात, पालक तिथेही कमी पडलं म्हणून तक्रार करतात. पण तक्रार करायला एक पद तरी आहे, आणि त्या पदाला पगार आहे.

आपल्याकडे ज्यांना परवडतं ते पालक खाजगी शाळेत स्वतःच्या खर्चाने ‘शॅडो टीचर’, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस ठेवतात. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या सरकारी मराठी शाळांत मूल घालणाऱ्या घरांना ते जमत नाही. त्या शाळांचा पट आधीच लहान, त्यात दिव्यांग मुलं एखाद-दोन, म्हणजे दहाच्या हिशेबात त्या कधीच बसत नाहीत. रावपुऱ्याकडच्या त्या आईने दोन वर्षांपूर्वी पोळ्या लाटायचं काम सोडलं, कारण मधल्या सुट्टीची वेळ आणि कामाची वेळ एकच होती.