घराचा दोष सांगण्यास विक्रेता बांधील आहे

‘घर पारखून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी, विकणाऱ्याने दोष सांगितलेच पाहिजेत असे नाही,’ हे विधान वर्षानुवर्षे ऐकवले जाते आणि काही दलालही ते कायदा म्हणून सांगतात. भारतात ते खरे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येण्यासारखा नाही, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, मग तो वास्तूतला असो वा मालकी हक्कातला. तो दडवणे कायद्याने कपट ठरते.

दर पावसाळ्यात छतातून पाणी झिरपते हे ठाऊक असलेल्या मालकाने उन्हाळ्यात त्या डागांवर पुट्टी आणि ताजा रंग चढवून घर दाखवले, तर खरेदीदाराला कितीही निरखून काय दिसणार? भिंतीवरच्या उघड्या भेगेची गोष्ट मात्र वेगळी. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास तक्रारीला फारसा आधार उरत नाही. शिवाय करारात उलट अट मान्य केली असेल, तर हे संरक्षण हातचे जाऊ शकते, म्हणून ‘आहे त्या स्थितीत’ अशी शब्दरचना सहीपूर्वी नीट वाचावी, ही कळकळीची विनंती.

२०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता क्षेत्राचे नियमन करणाऱ्या) कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालांना नोंदणी बंधनकारक केली आणि खोटी माहिती देण्यास मनाई केली. महाराष्ट्रात त्यांना आता प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. दोन व्यक्तींमधल्या जुन्या घराच्या पुनर्विक्रीत मात्र खरेदीदाराचा मुख्य आधार कलम ५५ हाच आहे.