युद्धातला विजय आणि युद्धाचे नियम

युद्धातला विजय म्हणजे समोरच्याला आपलं म्हणणं मान्य करायला लावणं, निदान विरोध सोडायला लावणं. शहर घेतलं, सैन्य पळवलं, झेंडा लावला, हे सगळं त्या वाटेवरचं आहे पण तेवढ्याने विजय होत नाही, कारण "आम्ही हरलो" हे हरलेल्याने मान्य केल्याशिवाय लढाई थांबतच नाही. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा सेनाधिकारी क्लाउझेविट्झ याचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १८३२ पासून छापलं गेलं, त्यात त्याने युद्ध म्हणजे वेगळ्या साधनांनी केलेलं राजकारणच आहे असं मांडलंय. म्हणजे जिंकलो की नाही हे बघायचं तर आधी युद्ध कशासाठी सुरू केलं होतं ते बघावं लागतं. मराठीत आपण "युद्धात जिंकले, तहात हरले" असं सहज म्हणून जातो, त्यात हाच मुद्दा आहे.

याचं सगळ्यात जुनं आणि सारखं दिलं जाणारं उदाहरण एपिरस या प्राचीन ग्रीक राज्याचा राजा पिऱ्हस याचं. त्याने इ.स.पू. २८० आणि २७९ मध्ये रोमन सैन्याला लागोपाठ दोनदा हरवलं, पण त्यात त्याची इतकी चांगली माणसं गेली की असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलोच असं तो म्हणाल्याचं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलंय. रोमकडे नवी माणसं होती, त्याच्याकडे नव्हती. अलीकडचं बघायचं तर २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, तीन आठवड्यांत बगदाद पडलं, १ मे ला मोठ्या लढाया संपल्याचं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, आणि तरी सैन्य तिथून बाहेर पडायला डिसेंबर २०११ उजाडला, कारण सरकार पाडणं हे काम सोपं होतं आणि त्यानंतर काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं. कोरियात तर २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली पण शांतता करार आजपर्यंत झालेला नाही, त्यामुळे तिथे कोण जिंकलं या प्रश्नाला उत्तरच नाही.

पहिलं महायुद्ध विजयाच्या बाबतीत फार शिकवतं. जर्मनी १९१८ मध्ये हरली, पण तेव्हा शत्रूचं सैन्य बर्लिनपर्यंत पोचलेलंच नव्हतं, त्यामुळे आपण रणांगणावर हरलोच नाही, घरातल्यांनी घात केला ही खोटी गोष्ट तिथे पसरली आणि लोकांना ती पटलीही. त्यात १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचा झालेला अपमान. वीस वर्षांत दुसरं युद्ध. १९४५ नंतर मात्र पराभव स्वच्छ दिसत होता आणि विजेत्यांनी पश्चिम जर्मनी आणि जपान पुन्हा उभे करायला मदतही केली, तो विजय टिकला.

युद्धाला नियम असावेत का

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला लागतात, लोक नेहमी ते एकत्र करतात. युद्ध करणं बरोबर आहे का हा एक, आणि युद्धात कसं वागायचं हा दुसरा. पहिल्याबद्दल १९४५ ची संयुक्त राष्ट्रांची सनद सांगते की दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही, स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची परवानगी हे अपवाद. दुसऱ्या प्रश्नाचे नियम सगळ्यांना सारखे, म्हणजे ज्याची बाजू न्यायाची आहे त्यालाही कैद्याला मारायची सूट नाही.

नियमांची कल्पना जुनीच आहे. महाभारतात लढाईआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले होते, शस्त्र टाकलेल्यावर वार करायचा नाही वगैरे, आणि मग एकाने मोडला की दुसऱ्याने मोडला असं होत होत शेवटी झोपलेल्या माणसांची कत्तल झाली. आत्ताचे लेखी नियम १९ व्या शतकातले. २४ जून १८५९ ला इटलीत सोल्फेरिनोला मोठी लढाई झाली, तिथे स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी आलेला स्विस व्यापारी हेन्री ड्यूनां याने हजारो जखमी नुसते पडलेले बघितले, गावातल्या बायकांना घेऊन दोन्ही बाजूंच्या जखमींची सेवा केली आणि मग त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची सुरुवात झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. १८९९ आणि १९०७ चे हेग करार, १९२५ ला विषारी वायूवर बंदी आणि १९४९ चे चार जिनिव्हा करार हे पुढचे टप्पे. मुख्य गाभा एवढाच की सैनिक आणि नागरिक यात फरक करा, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान जास्त होईल असा हल्ला करू नका, उगाच यातना देणारी हत्यारं नकोत, आणि शरण आलेल्याला हात लावू नका.

"जीव घ्यायलाच निघालात तर नियम कसले" हा आक्षेप नेहमी येतो. पण वर म्हटलं तसं विजय म्हणजे समोरच्याने हार मानणं असेल, तर हार मानायची वाट उघडी ठेवणं हे विजयाचंच काम आहे, शरण गेलो तर मरणार हे माहीत असलेला माणूस शेवटच्या गोळीपर्यंत लढतो. १९४१ मध्ये रशियावर हल्ला करताना हिटलरच्या सैन्याला हुकूम होता की पकडलेल्या सोव्हिएत राजकीय अधिकाऱ्यांना गोळ्या घाला, तर त्याने शत्रू आणखी चिवट झाला अशी तक्रार जर्मन सेनापतींनीच केली आणि १९४२ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. याच्या उलट डिसेंबर १९७१. भारतीय सेनाप्रमुख माणेकशॉ रेडिओवरून पाकिस्तानी सैनिकांना सांगत होते की शस्त्र खाली ठेवा, तुम्हाला जिनिव्हा करारानुसार वागणूक मिळेल, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात ज्या शरणागतीच्या कागदावर सही झाली त्यातही तेच वचन लिहिलेलं आहे. सुमारे ९३,००० लोक कैदेत आले, ढाक्यात गल्लोगल्ली लढाई झाली नाही, तेरा दिवसांत युद्ध संपलं आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. १९७२ चा सिमला करार आणि पुढे त्या कैद्यांना सोडून देणं यात आपण तहात हरलो का यावर अजून वाद चालतो, तो वाद रास्त आहे, पण लढाई एवढ्या लवकर थांबण्यात त्या वचनाचा वाटा मोठा होता असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, की नियम जिंकलेल्यांना लागू होत नाहीत. न्यूरेंबर्गला नाझींवर खटले चालले ते योग्यच होतं, पण मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियो जाळून सुमारे एक लाख माणसं मारली गेली त्याचा खटला कुठेच झाला नाही. त्याच न्यायालयात जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झवर सूचना न देता जहाजं बुडवल्याचा आरोप होता, तेव्हा अमेरिकन अॅडमिरल निमिट्झ यांनी लेखी सांगितलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही तेच केलं, आणि पाणबुडी युद्धाच्या नियमभंगाबद्दल डोनिट्झला शिक्षा धरली गेली नाही. म्हणजे दोघांनी मोडलेला नियम कोणालाच लागला नाही. २००२ पासून हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय काम करतंय, पण अमेरिका, रशिया, चीन, भारत त्याचे सदस्य नाहीत.

आणि मिळवलेले नियम परतही जातात. भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्ये झाला, १६० च्या वर देश त्यात आले, युद्ध संपून कितीतरी वर्षांनी शेतात पाय गमावणारी माणसं हे त्यामागचं कारण होतं. २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया यांनी रशियाच्या भीतीने त्यातून बाहेर पडायचा निर्णय घेतला. त्यांची भीती खोटी नाही. पण पुरलेल्या सुरुंगाला युद्ध संपल्याचं कळत नाही, सैनिकाचा पाय आणि पोराचा पाय यातला फरकही कळत नाही.