शोधाधारित बालकलाशिक्षण

शालेय वर्गात मुलांना तयार नमुना उतरवून काढायला न लावता, एखादा प्रश्न, वस्तू किंवा माध्यम त्यांच्यापुढे ठेवून निरीक्षण, प्रयोग आणि चर्चा यांमधून त्यांची स्वतःची कलाकृती घडू देणारी अध्यापनपद्धती. चित्रकला, मातीकाम, ठसेकाम, कातरकाम अशा सर्व दृश्यकलांत ती वापरली जाते. ‘मुलांना हवे ते काढू द्या’ असे म्हणून शिक्षकाने बाजूला होण्याशी तिची अनेकदा गल्लत केली जाते. वास्तविक या पद्धतीत शिक्षकाला नेहमीच्या तासापेक्षा अधिक पूर्वतयारी करावी लागते, कारण ज्याचे उत्तर आधीच फळ्यावर काढून दाखवता येणार नाही, असा प्रश्न त्याला शोधावा लागतो.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले की दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, झोपडी, नागमोडी नदी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी कागदावर उमटतात; मूल कोकणातले असो की मराठवाड्यातले, चित्रात फारसा फरक पडत नाही. हे चित्र पाहून काढलेले नसून पाठ झालेले असते. शोधाधारित पाठात हाच विषय घेताना परिपाठाच्या वेळी झेंड्याच्या खांबाची सावली कोणत्या बाजूला पडते, मधल्या सुट्टीत ती कुठे जाते, या प्रश्नांपासून सुरुवात करता येते. मुले खडूने जमिनीवर सावलीच्या कडा आखतात, तिची लांबी पावलांनी मोजतात आणि मगच कागद हाती घेतात. अशा वर्गातील चित्रे एकमेकांसारखी होत नाहीत, कारण प्रत्येक जण वेगळ्या जागी उभा असतो.

या विचाराची आधुनिक सुरुवात सामान्यतः ऑस्ट्रियन चित्रकार फ्रांझ चिझेक (१८६५–१९४६) यांच्यापासून मानतात. त्यांनी १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि लहान मुलांच्या चित्रांना प्रौढांच्या कलेची अपुरी नक्कल न मानता त्यांच्याकडे स्वतंत्र अभिव्यक्ती म्हणून पाहिले. मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांत एक ठरावीक, नेटकी शैली दिसते, अशी टीका पुढे झाली, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही: शिक्षक काहीच शिकवत नाही असे म्हणतो, तेव्हाही त्याची आवडनिवड वर्गात काम करतच असते. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड (१९०३–१९६०) यांनी रेघोट्यांपासून वास्तवदर्शी चित्रणापर्यंतच्या विकासाच्या अवस्था मांडल्या आणि रंग भरण्याच्या छापील पुस्तकांना ठाम विरोध केला. इटलीतील रेज्जो एमिलिया शहरात शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सी (१९२०–१९९४) यांच्या प्रेरणेने चाललेल्या बालशाळांनी कलादालनाला शाळेच्या केंद्रस्थानी आणले. तेथे एकाच विषयावर मुले अनेक आठवडे चित्र, माती, तार आणि प्रकाश यांच्या साहाय्याने काम करतात.

भारतात या विचाराला स्वतंत्र आधार होता. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात कला हा शिक्षणाचा कणा होता आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात नंदलाल बोस यांनी निसर्गनिरीक्षणावर भर दिला. तेथे शिकलेले देवी प्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या श्रमाधारित शिक्षणाच्या, शाळेत त्यांनी कला शिकवली. सूतकताई, शेती आणि सफाई ही शिक्षणाची माध्यमे असलेल्या त्या शाळेत कलेला शोभेचे स्थान मिळणे शक्य नव्हते. मुलाच्या हातून तयार होणाऱ्या चित्रापेक्षा ते करताना त्याच्यात काय घडते, याला देवी प्रसादांनी महत्त्व दिले. स्वतः कुंभारकामात मुरलेल्या या शिक्षकाचे काम मराठी मुलखात झाले असूनही येथील कलाशिक्षणाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

साहित्य महाग असावे लागते, हा गैरसमज हळदीच्या पाठाने दूर होतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पांढऱ्या कागदावर साबणाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची काडी फिरवली की रेघ तांबडी उमटते. खायच्या चुन्याची निवळी वापरल्यास रंग अधिक गडद होतो. चुना त्वचेला व डोळ्यांना घातक असल्याने ते काम शिक्षकाने स्वतः करावे. लिंबाचा रस लावला की तांबडी रेघ पुन्हा पिवळी होते. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी द्रावणात लालसर होते, एवढेच त्यामागचे कारण. हळदीपासून कुंकू करण्याची पारंपरिक रीतही याच गुणधर्मावर आधारलेली आहे. पण हे आधी सांगितले तर पाठ संपतो. न सांगता ‘मीठ लावले तर? चहा लावला तर? राखेचे पाणी?’ असे विचारले तर मुले स्वतः यादी वाढवतात आणि मिळालेल्या छटा चित्रात कुठे वापरायच्या, हे ठरवू लागतात. चित्राचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ते उन्हात टांगले तर उघडा भाग फिका पडलेला दिसतो, आणि रंगाच्या टिकाऊपणाचा प्रश्न आपोआप पुढे येतो.

चित्र काढण्याइतकेच चित्र पाहणेही या पद्धतीत येते. अमेरिकेत ॲबिगेल हाउझेन आणि फिलिप येनवाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत शिक्षक चित्राची माहिती न देता तीनच प्रश्न विचारतो: या चित्रात काय चालले आहे, तू कशावरून असे म्हणतोस, आणि आणखी काय दिसते. यातला दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, कारण तो मुलाला पुन्हा चित्राकडे वळवतो. वारली लग्नचौक, म्हणजे लग्नप्रसंगी भिंतीवर काढले जाणारे चौकटीचे चित्र, दाखवून हेच प्रश्न विचारले तर चौकटीतील देवी, भोवतालची झाडे, नाचणारी माणसे यांवर बराच वेळ बोलणे चालते. याउलट ‘दोन त्रिकोण जोडा, वारली माणूस तयार’ अशी शाळांतून रूढ झालेली कृती म्हणजे डोंगर-सूर्याच्या चित्राचीच नवी आवृत्ती आहे.

वर्गातील प्रत्यक्ष अडचणी मोठ्या आहेत. पन्नास-साठ मुलांचा पट, आठवड्यातले मोजके तास आणि मधल्या सुट्टीआधी बाके पुसून ठेवण्याची घाई यांत प्रयोगाला वाव कमी राहतो. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची कसोटी लागते, त्यामुळे माध्यमिक शाळेत तयारीचा सराव वरचढ ठरतो. या परीक्षांनी हाताला वळण लावले, हे मान्य करावे लागते. पण ठरावीक स्मरणचित्रे घोटून घेण्याचा प्रघातही त्यांच्याभोवतीच वाढला. शोधाधारित कामाला गुण देणे अवघड असल्याने काही शिक्षक कच्ची रेखाटने, फसलेले प्रयोग आणि मुलाचे स्वतःचे दोन-चार शब्द एका फाइलीत तारखेनिशी ठेवतात आणि वर्षाअखेरीस ती पालकांना दाखवतात.

कौशल्य केव्हा शिकवावे, यावर एकमत नाही. साधारण नऊ ते बारा या वयात मुलांना आपले चित्र ‘खरे दिसत नाही’ असे वाटू लागते आणि बरीच मुले याच टप्प्यावर चित्रकला सोडतात. अशा वेळी दूरचा खांब लहान का दिसतो किंवा चेहऱ्यावर डोळे नेमके किती उंचीवर असतात, हे स्पष्टपणे दाखवण्यात या पद्धतीचा भंग होत नाही. मुलाने आधी खांब पाहिलेला असावा आणि प्रश्न त्याचा असावा, इतकीच अपेक्षा असते.