छप्पर नसलेली घरं आणि पाण्याखालचे कंटूर: जुन्या टोपोशीट वाचताना

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा १९व्या शतकातला सहा इंची नकाशा (म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर सहा इंच) नीट झूम करून बघितला तर घरं दोन प्रकारे काढलेली दिसतात. छप्पर असलेलं घर आतून भरलेलं, आणि छप्पर गेलेलं घर म्हणजे नुसती रिकामी चौकट. एखाद्या खोऱ्यात अशा आठदहा चौकटी शेजारीशेजारी, बाजूला एखादं कुंपण, आणि भरलेलं घर एकच, बहुतेक मेंढपाळाचं. जमीनदारांनी मेंढ्या पाळायला कुळं हुसकावून लावली तो काळ साधारण १८व्या शतकाच्या मध्यापासून १९व्याच्या मध्यापर्यंत, आणि सर्वेअर तिथे पोचले १८४० नंतर, त्यामुळे उठलेली वस्ती त्यांनी उठलेल्या अवस्थेतच टिपली. इतिहास लिहायचा असा काही त्यांचा विचार नव्हता, नियमच होता की छप्पर नसेल तर भरायचं नाही! पुढे १९९०च्या दशकात तिथल्या पुरातत्त्ववाल्यांनी या पहिल्या आवृत्तीच्या शीट पद्धतशीर चाळून अशा ओसाड वस्त्यांची नोंद केली.

मला टोपोशीट, म्हणजे चढउतार, पाणी, वाटा आणि वस्ती दाखवणाऱ्या सर्वेच्या नकाशांच्या शीट, आवडतात त्या यासाठी. त्या काढल्या भलत्याच कामासाठी, आणि आपल्या हाती लागतं ते वेगळंच. ब्रिटनचा ऑर्डनन्स सर्वे १७९१ चा, ऑर्डनन्स म्हणजे तोफखाना, नावातच सगळं आलं. सर्वे ऑफ इंडिया त्याहून जुना, १७६७ चा. सैन्य न्यायचं तर चढ किती, नदी कुठे ओलांडता येते, पाणी कुठे आहे, गाडीवाट कुठे संपते आणि नुसती पाऊलवाट कुठे सुरू होते हे सगळं लागतं, म्हणून ते काढलं. जमीन महसुलाचे नकाशे मालकी सांगतात, पण लोक कुठून कुठे जायचे, पाणी कुठून आणायचे हे टोपोशीटवर जास्त बरं कळतं.

फक्त एकच शीट बघून फार काही हाती लागत नाही, त्याच जागेच्या वेगवेगळ्या वर्षांच्या दोनतीन शीट शेजारी ठेवल्या की खरी मजा. ब्रिटिश नकाशांवर एका आवृत्तीत खाणीला नुसतं ‘खाण’ म्हटलेलं असतं, पुढच्या आवृत्तीत ‘जुनी खाण’, त्याच्या पुढच्या आवृत्तीत नावच गायब आणि फक्त खड्ड्याच्या कडेच्या रेघा उरतात. चुनाभट्ट्या आणि पाणचक्क्या यांचंही तेच. म्हणजे धंदा कधी बसला याचा अंदाज दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात बसवता येतो, अगदी वर्ष नाही सांगता येत, पण ‘या तारखेनंतर आणि त्या तारखेच्या आत’ एवढं नक्की. वाटांचंही बघा, एखादी पाऊलवाट माळावर जाऊन एकदम थांबते, तिथे काहीच नाही, मग आधीची शीट काढली की तिथे विहीर नाहीतर दोन घरं सापडतात. घरं गेली तरी वाट बरीच वर्षं टिकते.

धरणाखाली गेलेला मुलूख तर जुन्या शीटशिवाय वाचताच येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये क्वाबिन जलाशयासाठी डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं १९३८ मध्ये अधिकृतपणे बरखास्त केली. आजच्या नकाशावर तिथे निळा रंग आणि मधे थोडी बेटं. पण अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १८८०च्या दशकात केलेल्या सर्वेवर तीच दरी अख्खी आहे, कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा), नदी, रस्ते, आणि घर म्हणून छोटे काळे चौकोन. कंटूर धरून गेलं की आजची बेटं म्हणजे तेव्हाच्या टेकड्यांचे माथे हे लगेच कळतं, आणि वस्ती दरीच्या तळाला का होती तेही, सपाट जमीन आणि पाणी दोन्ही तिथेच होतं.

आपल्याकडच्या शीटवर छापलेल्या रंगांतच बरंच काही असतं. बारमाही पाणी निळं, कोरडं पडणारं पात्र काळं, शेती पिवळी, जंगल हिरवं, वस्ती लाल. जुन्या शीटवर निळा असलेला ओढा नव्या शीटवर काळा दिसला तर पटकन ‘ओढा आटला’ असं म्हणावंसं वाटतं, पण थांबा. सर्वे पार्ट्या पावसाळा संपल्यावर बाहेर पडायच्या आणि उन्हाळ्यापर्यंत काम चालायचं, त्यामुळे तो माणूस तिथे कुठल्या महिन्यात गेला, वर्ष दुष्काळी होतं का, यानेही फरक पडू शकतो. म्हणून ओढ्यासाठी मी दुसरा पुरावा मागतो. जुन्या टेकाडांच्या खुणांवर मात्र माझा जास्त भरवसा आहे. सिंधू संस्कृतीच्या पट्ट्यात, पंजाब-हरियाणाच्या सपाट मैदानात, जुन्या एक इंची शीटवर जागोजागी छोटी टेकाडं काढलेली आहेत, आणि सपाट मैदानात एकटं टेकाड उभं असेल तर ते बऱ्याचदा पांढरीचं, म्हणजे शेकडो वर्षं घरावर घर बांधत वर चढलेल्या वस्तीचं असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी या शीट घेऊन अशा जागा शोधल्या, २०२१ मध्ये तर कॉम्प्युटरला त्या खुणा ओळखायला शिकवून शेकडो शीट चाळल्याचं काम प्रसिद्ध झालं. यातली कित्येक टेकाडं मधल्या काळात नांगराखाली सपाट झालीत, सॅटेलाइट फोटोत शोधून सापडायची नाहीत.

आता जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा, म्हणजे जिओरेफरन्सिंग. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. दोन्हीकडे हमखास तीच असलेली ठिकाणं निवडायची आणि एकमेकांवर पिन करायची, जुनं देऊळ किंवा चर्च, दगडी पूल, डोंगरावरचा त्रिकोणमितीचा पॉइंट (सर्वेने मोजमापासाठी पक्की केलेली जागा) असलं काहीतरी. नदीचं वळण चुकूनही घेऊ नका, नदी सरकते. पॉइंट चारी कोपऱ्यात पसरलेले हवेत, एकाच गावात दहा पिना मारल्या तर बाकीचा कागद वाकडा होतो. शिवाय जुन्या भारतीय शीट एव्हरेस्ट नावाच्या सर्वेअरने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर (लंबगोलावर) मोजलेल्या आणि फोनमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक आकारावर, त्यामुळे शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले तर शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. आणि हे सगळं परफेक्ट केलं तरी एक इंची शीटचं प्रमाण १:६३,३६०, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. रस्त्याची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती ३० मीटर रुंद झाली! त्या नकाशावरून बांधाचं भांडण सोडवायला जाऊ नये.

कंटूरचंही तसंच, प्लेन टेबल (तिवईवरची नकाशा काढायची फळी) घेऊन फिरणारा सर्वेअर ठरावीक जागांची उंची मोजायचा आणि मधला आकार बराचसा नजरेने काढायचा, त्यामुळे दाट जंगलातले कंटूर जरा सैल धरावेत.

तारीख बघताना छापल्याचं वर्ष नको, सर्वेचं वर्ष बघा, दोन्हींत कधीकधी बरंच अंतर असतं आणि रिप्रिंटवर तर फक्त रेल्वे आणि मोठे रस्ते नवे टाकून बाकी सगळं जुनंच ठेवलेलं असू शकतं. अमेरिकन शीटवर कधी जांभळा रंग दिसेल, ती नंतर विमानातल्या फोटोंवरून टाकलेली दुरुस्ती, म्हणजे एकाच कागदावर दोन काळ.

शीट मिळवणं आता सोपं झालंय. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर जुना आणि आजचा नकाशा शेजारीशेजारी ठेवून बघता येतो, अमेरिकेच्या शीट त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या टोपोव्ह्यू या साइटवर १८८४ पासूनच्या फुकट आहेत, स्वित्झर्लंडने १९व्या शतकापासूनचे सगळे नकाशे एका टाइमलाइनवर लावलेत. भारतासाठी टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीत अमेरिकन सैन्याने छापलेली १:२,५०,००० ची मालिका आहे, त्यावर एकेक विहीर दिसणार नाही, पण धरणं होण्याआधीच्या नद्या आणि त्यांच्या काठची गावं बघायला ती चांगली.